पराग अडवण्याची गोष्ट

वाणगाव स्टेशनात उतरून समुद्राच्या दिशेनं निघालं की आधी मिरचीची शेतं लागतात, मग चिकूच्या वाड्या, आणि ताड दिसू लागले की चिंचणी जवळ आली असं समजावं. डहाणू तालुक्यातल्या या गावी काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका छोट्या शिबिरासाठी आम्ही गेलो होतो. विषय होता फुलं आणि फळधारणा. नेहमीप्रमाणे आम्ही जास्वंदीचं फूल उभं कापून पुंकेसर, स्त्रीकेसर, कुक्षी, अंडाशय वगैरे दाखवलं. मग शाळेमागच्या वाडीत जाऊन लाल भोपळ्याच्या वेलावरचं नर फूल तोडलं, मादी फुलाच्या कुक्षीवर ते हलकेच टेकवलं आणि म्हटलं, ‘‘झालं परागीभवन!’’

एक बाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘सर, हे मी वर्गात दरवर्षी करते. फळही धरतं. पण ते माझ्याच परागांनी धरलं कशावरून? माझ्या आधी एखादी मधमाशी शेजारच्या वेलावरून येऊन गेली असेल तर? आणि मला एकाच वेलाला पराग द्यायचे असतील, बाकीच्यांना लागू द्यायचे नसतील, तर काय करायचं?’’

आम्ही लगेच उत्तर दिलं, ‘‘पिशवी बांधायची.’’

‘‘पिशवी बांधली. पण पिशवीच्या आत काही गेलं नाही, हे कशावरून?’’

या प्रश्नाला आमच्याकडे तयार उत्तर नव्हतं. संध्याकाळी ताडांखालून चालताना तोच डोक्यात घोळत राहिला. परतल्यावर जुने ग्रंथ आणि अहवाल काढून बसलो, तेव्हा लक्षात आलं की बाईंनी विचारलेला प्रश्न किमान तीनशे वर्षं जुना आहे. भल्याभल्यांना त्यानं चकवलं आहे, आणि त्यात सर्वात जास्त चकवणारी वनस्पती होती भांग. ती हकीकत इथे सांगायची आहे.

नर झाड, मादी झाड

चिंचणीतल्या कोणाही मुलाला विचारा, सगळ्याच ताडांना ताडगोळे येत नाहीत हे त्याला माहीत असतं. ताडाची नर झाडं वेगळी आणि मादी झाडं वेगळी. ताडगोळे लागतात ते फक्त मादी झाडाला. खजुराचंही तसंच. अशा वनस्पतींना आपण विभक्तलिंगी म्हणतो. जास्वंदीत दोन्ही अवयव एकाच फुलात असतात. भोपळ्यात नर आणि मादी फुलं वेगळी, पण वेल एकच. ताडात तर झाडंच वेगळी.

खजुराच्या मादी झाडावर नर फुलोऱ्यातली भुकटी झटकली की फळं टिकतात, ही गोष्ट पश्चिम आशियातल्या बागाइतदारांना फार प्राचीन काळापासून ठाऊक होती. ग्रीक विद्वान थिओफ्रास्टस यानं इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास ती लिहूनही ठेवली आहे. म्हणजे पराग देण्याची विद्या जुनी आहे. पण ही भुकटी नेमकं काय करते? ती नसेल तर बी धरणारच नाही का? हे ठरवायचं तर पराग देऊन भागत नाही. काही झाडांपर्यंत ते पोचणारच नाहीत अशी व्यवस्था करावी लागते आणि मग काय होतं ते पाहावं लागतं. या वाटेनं जायला माणसाला आणखी दोन हजार वर्षं लागली.

कामेरारियस यांची कबुली

जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठात रुडॉल्फ याकोब कामेरारियस (१६६५–१७२१) हे वैद्यकाचे प्राध्यापक होते आणि तिथली वनस्पतींची बागही त्यांच्याकडे होती. बागेतल्या तुतीच्या एका मादी झाडाच्या आसपास नर झाड नव्हतं. तरी त्याला फळं येत, पण आतल्या बिया पोकळ असत. या साध्या निरीक्षणावरून त्यांना कल्पना सुचली. त्यांनी मर्क्युरियालिस नावाच्या एका युरोपीय तणाची दोन मादी रोपं उचलून बाकीच्यांपासून दूर ठेवली. त्यांना रुजणारं बी धरलं नाही. एरंडाची नर फुलं उमलण्याआधीच खुडली. बी धरलं नाही. मक्याच्या कणसावरचे रेशमी केस कापले. दाणे भरले नाहीत. २५ ऑगस्ट १६९४ रोजी एका सहकाऱ्याला लिहिलेल्या लांबलचक पत्रात त्यांनी निष्कर्ष मांडला: परागकोश हे वनस्पतींचे नर अवयव आहेत आणि त्यांच्यावाचून बीज तयार होत नाही.

एवढ्यावर पत्र संपलं असतं तर गोष्ट फार सरळ झाली असती. पण कामेरारियस यांनी फसलेले प्रयोगही लिहून ठेवले. त्यात भांग होती. भांगेची नर रोपं त्यांनी फुलण्याआधीच काढून टाकली होती. मागे राहिलेल्या मादी रोपांवर पुष्कळसं बी पोकळ निघालं, पण काही बी चांगलं भरलेलं, रुजणारं निघालं. नर नाही आणि तरी बी आहे! हे त्यांना सुटलं नाही. त्यांनी ते लपवलं मात्र नाही.

पुढे लिनिअस यांनी तोच प्रयोग घरात केला. त्यांनी भांगेचं बी कुंड्यांत पेरलं आणि रोपं खिडकीशी ठेवली. एका कुंडीत नर आणि मादी दोन्ही ठेवली; दुसऱ्या कुंडीतली नर रोपं ओळखू येताच काढून टाकली. पहिल्या कुंडीतल्या मादी फुलांच्या कुक्षी पराग मिळताच सुकल्या आणि बी धरलं. दुसऱ्या कुंडीतल्या कुक्षी सुकेनात. त्या ताज्याच राहिल्या, वाढत राहिल्या आणि बी धरलं नाही. १७६० साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीचं पारितोषिक मिळालेल्या निबंधात त्यांनी हे वर्णन केलं. कुक्षी ताज्या राहतात हे निरीक्षण लक्षात ठेवा. त्याची गाठ आपल्याला पुढे नगर जिल्ह्यात पडणार आहे.

बेडकांना चड्डी, भांगेला सुट्टी

लिनिअस यांच्यानंतर वाद मिटायला हवा होता. तो पुन्हा पेटवला लाझारो स्पालांझानी या इटालियन शास्त्रज्ञानं. हा माणूस साधासुधा नव्हता. बेडकाच्या मादीची अंडी फलित व्हायला नराचं वीर्य लागतंच का, हे पाहण्यासाठी त्यानं नर बेडकांना मेणकापडाच्या चिमुकल्या चड्ड्या शिवून घातल्या होत्या. वीर्य चड्डीत अडकलं आणि अंडी फलित झाली नाहीत. चड्डीतला द्रव अंड्यांना लावला, तेव्हा ती फलित झाली. अडवा, मग द्या आणि तुलना करा: या पद्धतीचा इतका स्वच्छ नमुना क्वचित सापडेल.

त्याच स्पालांझानीनं भांगेच्या आणि पालकाच्या मादी रोपांवर प्रयोग केले. रोपं वेगळी ठेवली, तरी रुजणारं बी मिळालं. १७८० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यानं निष्कर्ष काढला की काही वनस्पतींत परागांवाचूनही बी धरतं. बेडकाच्या बाबतीत जो इतका काटेकोर होता, तोच भांगेच्या बाबतीत फसला. का?

याची दोन कारणं आज आपण सांगू शकतो. पहिलं कारण वारा. भांगेला रंगीत पाकळ्या नाहीत, मध नाही. तिचं परागीभवन वाऱ्यानं होतं. वाऱ्यावर विसंबणाऱ्या वनस्पती पराग उधळपट्टीनं तयार करतात. ते कोरडे, हलके आणि एकमेकांना न चिकटणारे असतात. ते किती दूर जातात? स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर मालागा भागात हवेतले पराग मोजणाऱ्या संशोधकांना सापळ्यांत भांगेचे पराग मिळाले. ते समुद्र ओलांडून मोरोक्कोतून आले असावेत, असं त्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिलं. मग युरोपातल्या ज्या काळात दोर आणि कापडासाठी भांगेची शेतं गावोगाव होती, त्या काळात बागेतली एक कुंडी ‘वेगळी’ ठेवली म्हणजे काय साधलं?

दुसरं कारण अधिक फसवं आहे. भांगेची मादी रोपं शंभर टक्के मादी असतीलच असं नाही. कधीकधी मादी फुलोऱ्यातच एखाददुसरं नर फूल निघतं. झाडावर ताण पडला, किंवा बराच काळ पराग मिळाले नाहीत, तर असं घडू शकतं. बाहेरून येणारा चोर अडवायला तुम्ही दारं-खिडक्या बंद केल्या, आणि चोर घरातच होता, असा हा प्रकार. म्हणूनच चिंचणीच्या बाईंचा दुसरा प्रश्न महत्त्वाचा होता: पिशवीच्या आत काही नव्हतं, हे कशावरून?

स्पालांझानीची चूक प्रयोगातल्या हातसफाईची नव्हती. बेडकाला चड्डी शिवली, तशी भांगेला शिवली गेली नाही. आणि जे बी मिळालं ते कुठून आलं असेल याचे सगळे पर्याय तपासण्याआधी ‘परागांची गरज नाही’ हा निष्कर्ष निघाला. कामेरारियस यांच्यापुढेही हेच बी होतं. त्यांनी ते नोंदवलं आणि निष्कर्षाची घाई केली नाही.

नगरच्या शेतात

आता युरोप सोडून आपल्याकडे येऊ. इथल्या शेतकऱ्यांपुढे प्रश्न वेगळा होता. त्यांना बी कसं धरतं हे सिद्ध करायचं नव्हतं; बी धरू द्यायचंच नव्हतं.

ब्रिटिश पार्लमेंटात हिंदुस्थानातल्या गांजाच्या वापरावर प्रश्न विचारला गेला आणि त्यातून १८९३ साली सरकारनं एक आयोग नेमला. आयोगानं देशभर फिरून अकराशेहून अधिक लोकांच्या साक्षी घेतल्या आणि १८९४ साली अनेक खंडांचा अहवाल दिला. त्या काळी ही लागवड परवान्यानं चालत असे आणि तिच्यावर कर होता. मुंबई इलाख्यात ती मुख्यतः अहमदनगर (आजचं अहिल्यानगर) जिल्ह्यात होती, मध्य प्रांतात खांडव्याकडे, तर बंगालमध्ये नौगावच्या परिसरात. नौगाव आज बांगलादेशात आहे.

भांग आणि गांजा यांतला फरक अनेकांना ठाऊक नसतो. झाड एकच. भांग म्हणजे मुख्यतः पानं. गांजा म्हणजे मादी झाडांचे राळेनं चिकट झालेले फुलोरे, तेही बी धरू न दिलेले. पराग मिळाले की मादी फूल बी भरण्याच्या कामाला लागतं. पराग मिळाले नाहीत की कुक्षी ताज्या राहतात, फुलोरा वाढत आणि दाटत जातो, राळही साठत जाते. लिनिअस यांनी खिडकीतल्या कुंडीत जे पाहिलं, त्यावर या शेतकऱ्यांचा सगळा हिशेब उभा होता. गांजात बी निघालं की माल हलका ठरे.

त्यासाठी एकच उपाय होता: शेतातलं प्रत्येक नर झाड ते फुलण्याआधी ओळखायचं आणि काढून टाकायचं. हे सोपं नाही. फुलण्याआधी दोन्ही झाडं जवळजवळ सारखी दिसतात. पानांच्या बगलेत पहिल्या कळ्या येतात तेव्हाच भेद कळतो. नराच्या कळ्या देठावर लोंबणाऱ्या बारीक मण्यांसारख्या. मादीच्या कळीतून केसासारख्या दोन पांढुरक्या कुक्षी बाहेर आलेल्या. बंगालात हे काम करणारा खास जाणकार असे. त्याला ‘पोद्दार’ किंवा ‘परखदार’ म्हणत. परखदार म्हणजे पारख करणारा. सरकारी कागदांत त्याचा उल्लेख ‘गांजा-डॉक्टर’ असाही येतो. शेतकरी त्याला मजुरीनं बोलवत. तो ओळीओळीनं चालत जाई, कळ्या पाही आणि नर झाडं मोडून टाकी. एकदा फिरून भागत नसे. उशिरा कळ्या धरणारी झाडं राहून जात, म्हणून पुन्हा फेरी. कलकत्त्याच्या शासकीय वनस्पतिउद्यानातले डेव्हिड प्रेन यांनी १८९३ साली बंगालमधल्या या लागवडीवर वेगळा अहवाल लिहिला, त्यात हे सारं काम बारकाईनं नोंदलं आहे.

या परखदाराला पुंकेसर, परागकोश हे शब्द माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण एक गोष्ट तो पक्की जाणत होता. नर झाड आपल्या शेतातून काढलं आणि शेजारच्या शेतात राहिलं, तर उपयोग नाही. जे ज्ञान ट्युबिंगेनच्या बागेत कोड्यासारखं उभं राहिलं, ते इथे रोजच्या कामाची अट होतं. गंमत अशी की युरोपातल्या शेतकऱ्यांनी याच झाडाची नावं उलटी ठेवली होती. इंग्लंड-जर्मनीत बी देणारं दणकट झाड ते ‘पुरुष’ आणि पराग देऊन लवकर वाळणारं किरकोळ झाड ती ‘बाई’, असं म्हणत. नावं चुकली म्हणून त्यांचं काम अडलं नाही, कारण दोर वळायला आणि बी काढायला कोणतं झाड केव्हा उपटायचं हे त्यांना ठाऊक होतं. शेतकऱ्याचं ज्ञान त्याच्या गरजेपुरतं नेमकं असतं. ते सर्वांसाठी लागू पडतं का, हे विचारणं हे वेगळं काम आहे. दोन्ही कामांचा मान वेगवेगळा आहे आणि एकाला दुसऱ्याच्या तराजूत तोलू नये.

एका फुलाला, फक्त एकाच

परखदार सगळ्या शेताचे पराग अडवत होता. पण एकाला द्यायचे आणि बाकीच्यांना नाही, हे कसं साधायचं? त्यासाठी झाडाची निवड हुशारीनं करावी लागते. ती ग्रेगोर मेंडेल यांनी केली.

मेंडेल यांनी वाटाणा घेतला. वाटाण्याच्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर पाकळ्यांच्या होडीत बंद असतात. फूल उमलायच्या आतच त्याला स्वतःचे पराग मिळतात. वारा, कीटक यांचा संबंध फार थोडा. म्हणजे पिशवी निसर्गानंच बांधलेली. मेंडेल यांनी कळी कोवळी असतानाच उघडली, चिमट्यानं एकेक पुंकेसर काढून टाकला आणि निवडलेल्या दुसऱ्या झाडाचे पराग कुक्षीवर लावले. शेजारच्या फुलांना त्याचा पत्ताही लागला नाही. आठेक वर्षांत त्यांनी हजारो झाडांवर हे काम केलं आणि १८६५ साली त्याचे निष्कर्ष ब्र्यून इथे वाचून दाखवले.

आनुवंशिकतेच्या नियमांबद्दल आपण मुलांना सांगतो. त्यासोबत एक बारीक तपशीलही सांगायला हवा. मेंडेल यांनी काही झाडं कुंड्यांत लावून फुलांच्या दिवसांत काचघरात ठेवली होती. बागेतल्या झाडांवर कीटकांनी गडबड केली असेल तर ती या झाडांशी तुलना करून लक्षात यावी, एवढाच त्यामागे हेतू. चिंचणीच्या बाईंना आम्ही द्यायला हवं होतं ते उत्तर हे. पिशवीच्या आत काही गेलं नाही हे पिशवीकडे पाहून कळत नाही. त्यासाठी तशीच दुसरी पिशवी बांधून, तिच्यात पराग न देता, काय होतं ते पाहावं लागतं.

वेंगुर्ला आणि सुरत

हीच विद्या पुढे आपल्या शेतात आणि ताटात आली. हापूस आंब्याची चव सर्वांना प्रिय, पण त्याची दोन दुखणी कोकणात सर्वांना ठाऊक आहेत: एक वर्षाआड येणारा बहर आणि गरात होणारा साका. नीलम या दक्षिणेकडच्या जातीला दरवर्षी फळ येतं. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांचा संकर करण्यात आला. आंब्याच्या एका मोहोरात शेकड्यांनी फुलं असतात, त्यातली बरीच नुसती नर. द्विलिंगी फूल हेरायचं, उमलताच त्याचा परागकोश काढायचा, पिशवी बांधायची, दुसऱ्या जातीचे पराग लावायचे. एवढं करून बहुतेक फुलं गळून जातात. जी थोडी फळं हाती लागतात, त्यांच्या कोयी लावून पुन्हा वर्षानुवर्षं वाट पाहायची. अशा कामातून १९८१ साली ‘रत्ना’ ही जात बाहेर आली. तिच्यात साका होत नाही. रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून १९९२ साली ‘सिंधू’ आली. तिची कोय अगदी पातळ.

चिंचणीहून रेल्वेनं उत्तरेकडे गेलं की काही तासांत सुरत येतं. तिथल्या कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० साली ‘संकर-४’ हा कापूस दिला. व्यापारी प्रमाणावर लावलेला हा जगातला पहिला संकरित कापूस. कापसाचे पराग जड आणि चिकट असतात, वाऱ्यावर उडत नाहीत. हा फायदा. पण फूल द्विलिंगी, म्हणून प्रत्येक फुलाचे पुंकेसर हातानं काढावे लागतात. दुपारनंतर उद्या उमलणारी कळी शोधायची, अंगठ्याच्या नखानं पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी सोलून काढायची, कुक्षीला धक्का लागू द्यायचा नाही, कागदी टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून ठरलेल्या जातीचे पराग लावायचे आणि खुणेचा दोरा बांधायचा. एका बोंडातून वीस-तीस बिया मिळतात. एक एकराला पुरेल एवढं बियाणं करायला किती फुलं लागत असतील याचा हिशेब वर्गात मुलांकडून जरूर करून घ्यावा.

हा हिशेब केला की एक कडू गोष्ट समोर येते. एवढी फुलं सोलायला हात हवेत, बारीक आणि स्वस्त हात. आंध्र प्रदेश आणि गुजरातमधल्या संकरित कापूसबियाण्याच्या शेतांत हंगामाचे महिने शाळा सोडून मुलं, विशेषतः मुली, हे काम करत असल्याचं १९९० च्या दशकापासून अभ्यासकांनी पुन्हापुन्हा दाखवून दिलं आहे. मुलांची बोटं लहान, झाडाची उंचीही त्यांच्याएवढीच, असं समर्थनही केलं जाई. खरं कारण मजुरी कमी पडते हे होतं. हंगामात पट पडतो म्हणजे काय, हे डहाणू-तलासरीतल्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको. वीटभट्टीसाठी घरं बंद करून गेलेल्या आईबापांची मुलं त्यांच्या हजेरीपटावर असतातच. मेंडेलच्या चिमट्याची कथा सांगताना हा चिमटा नंतर कोणाच्या हाती गेला, हेही सांगायला हवं.

यातून सुटण्याची एक वाट वनस्पतींनीच दाखवली. काही झाडांच्या परागकोशांत जिवंत पराग तयारच होत नाहीत. अशी नरवंध्य झाडं मादी म्हणून वापरली की पुंकेसर काढायची गरज उरत नाही. ज्वारीच्या नरवंध्य वाणातून १९६४ साली सीएसएच-१ हा संकर आपल्याकडे आला आणि १९६५ साली बाजरीचा एचबी-१. ज्वारी-बाजरीची फुलं इतकी बारीक की हातानं एकेक सोलून शेतकऱ्यांना पुरेल एवढं बियाणं कधीच झालं नसतं. इथे वाऱ्यालाच कामाला लावलं आहे. मात्र भोवतालच्या शेतांपासून अंतर ठेवावं लागतं. शेवटी परखदाराची अट इथेही सुटत नाही.

वाडीतला प्रयोग

वर्गात भांग लावता येणार नाही. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यानं परवान्याशिवाय तिची लागवड हा गुन्हा आहे. आणि तिची गरजही नाही. बाईंच्या लाल भोपळ्यावर हा सगळा इतिहास करून पाहता येतो. पाऊस ओसरल्यावर केलं तर पराग भिजण्याची भीती नाही.

लाल भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं. उद्या उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी पिवळी पडलेली आणि टोकाशी घट्ट मिटलेली असते. मादी कळीच्या खाली चिमुकला भोपळा दिसतो, नराच्या खाली नुसता देठ. संध्याकाळी मादी कळ्या निवडून त्यांचे चार गट करावेत.

पहिल्या गटातल्या कळ्यांना काहीच करू नये. मधमाशांना मोकळं रान. दुसऱ्या गटातल्या कळ्यांचं तोंड दोऱ्यानं बांधावं आणि फूल कोमेजेपर्यंत सोडू नये. तिसऱ्या गटातल्या कळ्या तशाच बांधाव्यात. सकाळी लवकर सोडून, आदल्या संध्याकाळीच बांधून ठेवलेल्या दुसऱ्या वेलावरच्या नर फुलाचे पराग लावावेत आणि पुन्हा बांधावं. चौथ्या गटातल्या कळ्याही बांधाव्यात, सकाळी सोडाव्यात, कुक्षीला स्वच्छ कोरडा कुंचला लावावा, पराग देऊ नयेत आणि पुन्हा बांधावं. प्रत्येक फुलाला गटाचं नाव लिहिलेली चिठ्ठी अडकवावी. एका वेलावर मादी फुलं थोडीच येतात, म्हणून पाच-सहा घरच्या वेलांवर मुलांनी काम वाटून घ्यावं आणि आकडे एकत्र करावेत.

हे फूल तिसऱ्या गटातलंच का, हा प्रश्न मुलं विचारतील. चौथा गट कशाला, हेही विचारतील. आपण सोडताना-बांधताना चुकून पराग गेले तर ते चौथा गट सांगेल, आणि बांधणंच फळ धरायला अडथळा ठरत असेल तर तेही पहिल्या आणि तिसऱ्या गटाच्या तुलनेतून कळेल. पिकलेला भोपळा कोणत्या बापाचा, हे त्याच्या रंगावरून ठरवू नये. फळ आईचंच असतं. बापाचा गुण दिसायचा तर बी पेरून पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागेल.

पुढच्या हिवाळ्यात त्या बाईंचं पत्र आलं. त्यांच्या मुलांनी हा प्रयोग केला होता. दुसऱ्या आणि चौथ्या गटातली चिमुकली फळं पिवळी पडून गळली होती, पण दुसऱ्या गटातलं एक मात्र धरलं होतं. मुलांचं म्हणणं पडलं, ते मोजायचं नाही, दोरा सैल झाला असेल. बाईंनी त्यांना ते वहीत लिहायला लावलं: ‘एक फळ धरलं. कारण माहीत नाही.’ आणि दोरा तपासण्यासाठी दहा नव्या कळ्या बांधायला दिल्या.